ऑक्सिजनच्या नांग्या

नाशिक
१२ डिसेंबर २००४

रोशनी,

आधी 'चि.' लिहिलं आणि खोडलं. मग 'सौ.' लिहिलं, पण तुझं लग्न झालं की नाही हे मला कुठे ठाऊक आहे? 'श्रीमती' लिहावं तर पत्र शिक्षण खात्यातून आल्यासारखं वाटेल. तेव्हा नुसतं रोशनी. आठ वर्षांनी लिहितोय आणि नावाशीच तीनदा अडखळलो.

मी यादव विधाते. तुझा एम.फिल.चा मार्गदर्शक होतो. हे वाचून तू पत्र चुलीत घालणार असशील तर घाल, पण शेवटी एक प्रश्न आहे, तेवढा वाचून घाल. तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. आपल्या प्रयोगशाळेतल्या सोमाने सुरगाण्याच्या बसच्या कंडक्टरला गाठून तुझ्या वडिलांचं गाव शोधून काढलं. म्हणून पाकिटावर 'मंगळू भोये यांचे घरी' असं लिहिलंय.

गेल्या महिन्यात पुण्याला प्राध्यापकांचा उजळणी वर्ग होता. अशा वर्गांत आम्ही म्हातारे मागच्या बाकांवर बसून डुलक्या काढतो. तिसऱ्या दिवशी बंगळूरहून एक तरुण बाई आल्या. त्यांचं काम धातूंच्या ऑक्साइडवर. फार टोकदार सुईने पृष्ठभाग चाचपून अणूंचं चित्र काढणारं यंत्र असतं, त्यातली चित्रं त्यांनी पडद्यावर दाखवली. टिन ऑक्साइड हे नाव ऐकलं आणि मी सरळ बसलो. मळ्यात वांग्याची रोपं लावावीत तशा अणूंच्या ओळी, आणि ओळीत मध्येच कुठे कुठे एखादी जागा मोकळी. तिथला ऑक्सिजनचा अणू निघून गेलेला. आमचे वडील अशा मोकळ्या जागांना नांग्या म्हणायचे. रोप मरून जागा सुटली की आठवड्याच्या आत तिथे दुसरं लावायचं, त्याला नांग्या भरणं म्हणायचं. बाई इंग्रजीत सांगत होत्या आणि मी मळ्यातल्या भाषेत ऐकत होतो. ऑक्साइड खूप तापवलं की अशा नांग्या पडतात, त्या म्हणाल्या. ते हवेत हळूहळू गार होऊ दिलं तर हवेतला ऑक्सिजन येऊन नांग्या भरून काढतो. एकदम गार केलं तर भरायला वेळच मिळत नाही, त्या तशाच राहतात. आणि बाहेरचा वायू येऊन चिकटतो, विजेचा रोध बदलतो, तो बहुतेक अशा जागांपाशीच.

मी हात वर केला. मागच्या बाकावरून हात वर झालेला त्या वर्गात कोणी पाहिला नव्हता. 'एकदम गार म्हणजे कसं? तापलेली गोळी चिमट्याने भट्टीतून काढून फरशीवर ठेवली तर?' त्या म्हणाल्या, 'तर नांग्या राहतील ना सर.' म्हणजे त्यांनी वेगळा शब्द वापरला, पण अर्थ तोच. पुढचं व्याख्यान माझ्या कानात शिरलं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा क्रमाने लिहू दे. पिंपळगाव बसवंतला एका शीतगृहात अमोनिया गळला आणि तिथे हंगामी कामाला गेलेल्या तुझ्या भावाला, मनोजला, आठवडाभर डोळे उघडता येत नव्हते. म्हणून तू अमोनिया ओळखणारी टिन ऑक्साइडची गोळी करायचा विषय घेतलास. शहाण्णवच्या उन्हाळ्यात तुझे आकडे इतके चांगले आले की मी स्टाफरूममध्ये मिरवत होतो. मग मी स्वतः तशा गोळ्या केल्या, तीनदा. अमोनियाची बाटली शेजारी उघडून ठेवली तरी गोळी ढिम्म. तुझ्या डबीतल्या जुन्या गोळ्या ऑगस्टात तपासल्या, त्याही ढिम्म. आता वाटतं, पावसाळी हवेने त्यांच्याही नांग्या बुजवल्या असतील. शेवटी तुला माझ्यासमोर करायला सांगितलं. एरवी सकाळी नऊपर्यंत मिळणारा मीटर त्या वेळी दिवसभर तुझ्यासाठी राखून ठेवला आणि म्हणालो, 'घाई करू नको, सावकाश कर.' तू सावकाश केलंस. गोळ्या सकाळपर्यंत बंद भट्टीत राहू दिल्यास, आणि त्या ढिम्म निघाल्या. तू मीटरकडे बघत उभी होतीस. मी विचारलं की आकडे हॉस्टेलवर बसून लिहिले होतेस का, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडलो.

मग विद्यापीठाला पत्र लिहिलं, आकडे बनावट असल्याचा संशय आहे म्हणून. तुझी नोंदणी रद्द झाली. मार्गदर्शक या नात्याने ते लिहिणं मला भाग होतं. तेवढंच लिहिलं.

आता प्रश्न. त्या उन्हाळ्यात तू गोळ्या भट्टीतून गरम असतानाच बाहेर काढत होतीस का? जर्नलमध्ये तू पानोपानी 'बंद भट्टीत गार केल्या' असंच लिहिलंयस, मी काल पुन्हा काढून पाहिलं. हो की नाही, एवढंच कळव.

य. भि. विधाते


नाशिक
९ जानेवारी २००५

रोशनी,

तुझं कार्ड आलं. चार वाक्यं आहेत, मला पाठ झालीत. 'होय सर. साडेसहाला गरमच काढायचे, कारण सातला हॉस्टेलचं गेट बंद व्हायचं आणि जोडणीचा चांदीचा लेप त्याच संध्याकाळी लावून वाळवायला लागायचा. सकाळी मीटर नऊपर्यंतच मिळायचा. जर्नलमध्ये तुम्ही सांगितलेली कृती लिहिली.' खाली पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेचा पत्ता आणि 'विज्ञान शिक्षिका'. ते वाचून बरं वाटलं. तू कुठे असशील, या विचाराशी मी गेली काही वर्षं मुद्दाम जात नव्हतो.

कार्ड हातात घेऊनच कॉलेजात गेलो. आठ गोळ्या दाबल्या, भट्टीत घातल्या. वीज जायच्या वेळा चुकवून हे करायला दोन दिवस गेले. साडेसहा वाजता चार गोळ्या चिमट्याने बाहेर काढल्या, चार आत राहू दिल्या. सोमा शेजारी उभा होता. म्हणाला, 'ती पोरगी अशीच काढायची सर, रोज. चिमटा तुमच्याच टेबलावरून न्यायची.'

मी म्हटलं, 'अरे मग आठ वर्षांत बोलला नाहीस?'

'मला वाटलं तुम्हाला ठाव हे. आन् तव्हा तुम्ही लय तापले होते. मी म्हनलो, शिकल्या लोकांचं काही असंल, आपण मधी बोलू नाय.'

दुसऱ्या दिवशी अमोनिया सोडला. बंद भट्टीतल्या चारही गोळ्या ढिम्म. गरम काढलेल्यांपैकी पहिलीला वायू लागला आणि मीटरवरचा आकडा घसरगुंडीवरून सोडल्यासारखा खाली आला. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चौथीचा लेप निघाला होता, तो माझ्या हाताचा दोष. मी हसायला लागलो. सोमाने खुर्ची पुढे केली, त्याला वाटलं सरांना काही होतंय.

तू खोटं लिहिलं नव्हतंस याचा आनंद आधी झाला की मी चुकलो याची लाज आधी वाटली, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, आनंद आधी झाला. छातीवर ठेवलेलं पोतं कोणीतरी उचलून नेलं. लाज मागून आली आणि ती मुक्कामाला आहे.

आता जर्नलचं. हा गुन्हा माझाच आहे, तुझा नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी कृती फळ्यावर लिहून देतो आणि सगळे ती उतरवून घेतात. एकदा एकाने 'मध्येच बर्नर विझला, पुन्हा पेटवला' असं लिहिलं होतं, तर मी लाल पेन्सिलीने ते कापून दोन गुण कमी केले होते. 'जर्नलमध्ये तुमच्या कहाण्या नकोत, कृती हवी.' हे वाक्य मी तीस वर्षं म्हणतोय. तू माझ्याकडेच बी.एस्सी. केलंस, मग एम.एस्सी. तुला वेगळं लिहायचं सुचावं तरी कसं? आणि मी समोर बसून सावकाश कर म्हणालो तेव्हा तू कृतीप्रमाणे केलंस, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. तुलाही तेव्हा कळलं नसणार की गोळ्या का रुसल्या. ती तू मीटरकडे बघत उभी राहिलेली आठवतेस तेव्हा मला हेच वाटतं.

विद्यापीठाला कळवतो. माझं विधान मागे घेतो. तुझी नोंदणी त्यांना परत द्यावी लागेल, मी ते करवून घेईन.

विधाते सर (हे लिहायचा हक्क उरला असेल तर)


नाशिक
६ मार्च २००५

रोशनी,

तुझं मोठं पत्र पोचलं. तुझ्या शाळेत प्रयोगाच्या सामानाच्या पेट्या कुलपातच असायच्या आणि तू आल्यावर त्या उघडल्यास, हे बायकोला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'या पोरीवर तुम्ही रागावला होतात?' मी पेपर उघडला.

विद्यापीठाला सविस्तर पत्र गेलं, सोबत नवे आकडे. आमचे विभागप्रमुख वयाने माझ्याहून लहान आहेत, पण सल्ला वडीलधाऱ्यासारखा देतात. म्हणाले, 'सर, जूनअखेर निवृत्त होताय. आता जुनं उकरून काय मिळणार? लोक म्हणतील, विधाते सरांनी एका मुलीचं नुकसान केलं.' मी म्हटलं, 'लोक बरोबर म्हणतील.' त्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तासाला निघून गेले. अशी संधी मला नोकरीत फार वेळा मिळाली नाही, म्हणून जरा मजा घेतली.

तू शेवटी विचारलंयस, 'माझ्याबद्दल तुम्ही आणखी कुठे लिहिलं होतं का?' नाही. विद्यापीठाला लिहिलं तेवढंच. आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या गोष्टी, माणसाला सगळं कुठे आठवतं, पण हे पक्कं आठवतं. दुसरीकडे कुठे लिहायचं कारणच काय होतं?

इकडे द्राक्षं जोरात आहेत. धाकट्या भावाने मळ्यातून मेथी आणि दोन पेट्या द्राक्षं पाठवली, खाऊन संपत नाहीत. तू जवळ असतीस तर शाळेतल्या पोरांसाठी दिली असती. चिमट्याने काढलेल्या गोळ्यांवर मी आणखी काम करतोय. किती तापमानाला काढली की किती फरक पडतो, असा तक्ता होतोय. तक्त्यावर तुझं नाव आधी घातलंय.

सर


नाशिक
१० एप्रिल २००५

रोशनी,

विद्यापीठाचं उत्तर आणि तुझं उत्तर एकाच दिवशी आलं. पोस्टमनला वाटलं असेल, या घरात काहीतरी मंगलकार्य आहे.

विद्यापीठाने तीन जणांची समिती नेमलीय. त्यांचं म्हणणं असं की माझ्या आकड्यांवर तुझं नाव साफ होणार नाही. आरोप तुझ्या हातावर होता, तेव्हा तुझ्याच हाताने प्रयोग झाला पाहिजे. तारीख २१ जून, आपल्याच प्रयोगशाळेत. ३० जूनला मी निवृत्त होतो, त्यानंतर मार्गदर्शक नाही म्हणून फाइल कायमची बंद. नियमाने बोलतात, पण या वेळी नियम बरोबर आहे.

आणि त्यांचं बोलावणं तुला आधीच पोचलं, त्यावर तू लिहितेस, 'मी येणार नाही. इथे माझं बरं चाललंय. मला आता त्याची गरज नाही.' फेब्रुवारीतलं पत्र लिहिणारी तीच का ही, असा मला प्रश्न पडला. तिथे तुझं बरं चाललंय हे मी मानतो. पण विद्यापीठाच्या कपाटात एका कागदावर रोशनी मंगळू भोये हिने आकडे बनवले असं लिहिलेलं आहे, माझ्या सहीने. तो कागद तिथे असताना मी निवृत्त होऊन मळ्यात झेंडू बघत बसायचं?

पुन्हा विचार कर. पाहिजे तर मी पेठला येतो, शाळेच्या व्हरांड्यात बसून राहतो. हेडमास्तरांना सांग, एक म्हातारा उपोषणाला येणार आहे.

सर


नाशिक
८ मे २००५

रोशनी,

या पत्रात विनोद नाही.

फेब्रुवारीत तू जे विचारलंस त्याचं मी मार्चमध्ये खोटं उत्तर दिलं. मी आणखी एक पत्र लिहिलं होतं.

जून सत्त्याण्णवमध्ये तू एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होतास. तिथले तेव्हाचे प्राचार्य माझ्या ओळखीचे होते. एका लग्नात भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, तुमच्याकडची एक भोये नावाची मुलगी आमच्या यादीत पहिली आहे. त्यांनी मला मत विचारलं नव्हतं. मी घरी येऊन आपण होऊन पत्र लिहिलं, की मुलगी हुशार आहे पण तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, प्रयोगशाळेत ठेवू नये. दहा ओळींचं पत्र. ती जागा तुला मिळाली नाही, हे मला पुढे कळलं. मी समाधान मानलं की आपण एका कॉलेजला वाचवलं.

विद्यापीठाला लिहिलं तेव्हा मी चुकीचा होतो, पण माझ्या समजुतीने खरं लिहीत होतो. हे दुसरं पत्र तसं नव्हतं. स्टाफरूममध्ये मी तुझे आकडे दाखवत फिरलो होतो, आणि ते फसले तेव्हा सगळे मला हसले. त्या फजितीचा राग मी दहा ओळींत तुझ्यावर काढला. ती नोकरी तुझ्या घराच्या किती जवळ होती, हेही मला ठाऊक होतं.

डिसेंबरात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की 'तेवढंच लिहिलं'. जानेवारीत हलकं वाटलं म्हणून हसलो. तू सरळ विचारलंस तर मार्चमध्ये मेथी आणि द्राक्षांच्या गप्पा मारल्या. चूक मान्य करणारा भला माणूस म्हणून मी तुझ्यापुढे उभा होतो आणि मला ते आवडायला लागलं होतं.

ते प्राचार्य आता निवृत्त आहेत. त्यांना आणि त्या कॉलेजला मी पत्रं लिहिली आहेत, नकला सोबत जोडतो. त्याने नोकरी परत येत नाही.

हे वाचून तू २१ तारखेला येणार नाहीस, हे मला कळतं. आधीच येत नव्हतीस, आता तर माझं तोंडही बघायचं कारण नाही. मी एकटा समितीपुढे बसेन आणि हे दुसरं पत्रही त्यांना दाखवेन. फाइल बंद झाली तरी निदान खरी गोष्ट लिहून बंद होईल.

यादव विधाते


नाशिक
३ जुलै २००५

चि. रोशनी,

या वेळी न खोडता लिहिलं.

तुम्ही गेल्यापासून दोन आठवडे होत आले. निवृत्त झालो, शाल मिळाली, भाषणं झाली. विभागप्रमुखांनी माझ्या 'काटेकोर शिस्ती'चं कौतुक केलं तेव्हा मागच्या रांगेत सोमा खोकला. ठरवून खोकला असणार. समितीचा निकाल तुला रजिस्टरने येईलच, पण मी परवा स्वतः जाऊन वाचून आलो. 'आरोप निराधार. नोंदणी पूर्ववत. प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची मुदत.' कारकुनाकडून दोनदा वाचायला घेतला. तिसऱ्यांदा मागितल्यावर तो म्हणाला, 'काका, झेरॉक्स काढून घ्या.'

एकवीस तारखेला सकाळी अकरापर्यंत मी प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो, कारण आत समितीसमोर बसायचा धीर नव्हता. तू येणार नाहीस असं धरूनच चाललो होतो. तरी मी जिन्याकडे का बघत होतो, कोण जाणे. आणि तू वडिलांना घेऊन वर आलीस, चप्पल काढलीस आणि सरळ वजनकाट्याकडे गेलीस. नऊ वर्षांत त्या काट्याची जागा बदललीय, तरी तुला तो सापडला.

साडेसहाला तू चिमटा हातात घेतलास तेव्हा समितीतल्या त्या जाड चष्म्याच्या गृहस्थांनी विचारलं, 'कृतीत तर बंद भट्टी लिहिलंय?' तू म्हणालीस, 'हो सर. कृतीत तसं आहे. मी असं करायचे.' एवढ्या शांतपणे कोणी मला माझी चूक सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी अमोनिया सोडल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मला ते बरंच झालं, कारण माझ्या डोळ्यांना आधीपासून होत्या. आकडा घसरला. चष्मेवाले उठून मीटरपाशी गेले आणि म्हणाले, 'पुन्हा करा.' तू पाच वेळा केलंस.

तेव्हा मंगळूबाबा कोपऱ्यातून बोलले, दोन दिवसांत पहिल्यांदा. 'मंग पोरीनं खोटं नाय केलं ना?'

चष्मेवाले म्हणाले, 'नाही बाबा, मुळीच नाही.'

'तं मंग लिहून द्या. तव्हा बी लिहूनच दिलं होतं.'

मी खिशातलं पेन काढून चष्मेवाल्यांपुढे धरलं. त्यांनी तिथेच बसून तात्पुरता कागद लिहून दिला, तिघांच्या सह्यांचा. बाबांनी तो वाचता येत नसतानाही चारदा उलगडला आणि टोपीत ठेवला. आमच्या घरी जेवताना ते टोपी काढेनात, बायकोला कारण ठाऊक नव्हतं, ती म्हणत होती उकडतंय, काढा की. मग मी सांगितलं.

आता जुन्या सीबीएस बसस्थानकावरचं. बाबा जागा धरायला बसमध्ये चढले, आपण दोघं खाली उभे होतो. मी त्या दुसऱ्या पत्राबद्दल बोलायला लागलो, तर तू मध्येच म्हणालीस, 'सर, ते मी सत्त्याण्णवलाच वाचलं होतं. तिथल्या कारकुनाने दाखवलं.'

मी विचारलं, 'मग डिसेंबरात मला उत्तर कशाला दिलंस?'

'तुम्ही विचारलं होतं. गरम काढत होतीस का, असं. त्याआधी मला कोणी काही विचारलं नव्हतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं.'

'आणि फेब्रुवारीत?'

'फेब्रुवारीत मी मुद्दाम विचारलं सर. तुम्ही नाही म्हणालात. मग मी ठरवलं, आता नाशिकला जायचं नाही.' तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. 'मे महिन्यातलं पत्र आलं, त्या दिवशी बाबांना सांगितलं, जाऊ या.'

एवढं बोलून तू बसमध्ये चढलीस. खिडकीतून हात केलास, मीही केला. बस गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसलो. तुला त्या वेळी सांगता आलं नाही ते आता लिहितो.

ते पत्र आठ मेला लिहून झालं होतं, पण अकरा दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. दोनदा पेटीपर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो. मनाशी म्हणत होतो, आधी हिला येऊ दे, समिती होऊ दे, नाव साफ होऊ दे, मग सांगू. त्यात तुझंच भलं आहे, असंही स्वतःला पटवलं होतं. एकोणीस तारखेला बायकोने धुवायच्या कपड्यांचे खिसे रिकामे केले आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. 'तिकीट लावलंय, पत्ता लिहिलाय, मग टाकत का नाही?' मी चपला घातल्या आणि जाऊन टाकून आलो. मला वाटलं, झालं, आता ही कधीच येत नाही.

त्या बाकावर मी तासभर बसलो असेन. पाकीट खिशातच राहिलं असतं तर तू आली नसतीस, या विचाराने घाम फुटला होता आणि हसूही येत होतं. मग रिक्षा करून घरी आलो, दोन वेळचं एकदम जेवलो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. बायको म्हणते, घोरत होतात.

तुझ्या प्रबंधात यातलं काही घालू नको, पण तुला ठाऊक असावं.

तुझा,
विधाते सर